मानाचं बोलावणं

अंगणवाडीत तेवीस वर्षं पोरांमागं ऊठबस करून सगुणाताईंचे गुडघे पार कामातून गेले होते. ऑपरेशनसाठी महिनाभराच्या पगारी रजेचा अर्ज त्यांनी तालुक्याच्या बैठकीत सरनाईक साहेबांपुढं ठेवला. हा तिसरा अर्ज.

साहेबांनी तो न वाचताच परत सरकवला. "बाई, पगारी रजा नोकराला असते. तुम्हाला मिळतं ते मानधन. मानानं दिलेलं धन. तुम्ही नोकर नाही." मग ते सगळ्यांकडं वळले. "रविवारी मंत्री येतायत. सकाळी सातला हजर राहायचं. न येणारीला नोटीस."

सगुणाताई टेबल धरून उठल्या. आता घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"साहेब, नोकर नाही तर नोटीस कशी? आम्ही मानाच्या बायका. मानाच्या बाईला घरी जाऊन बोलावणं करतात. आम्हा सगळ्यांची मिळून एकशे चाळीस घरं आहेत, आजच निघा. कुंकू लावायला वहिनींना बरोबर घ्या."

बायका पदराआड हसल्या. साहेबांनी समोरच्या वहीत लिहिलेली नोटिशीची ओळ गुपचूप खोडली. अर्जाला मात्र हात लावला नाही.

बैठक संपली. मानाची बाई कठडा धरून, बसत बसत, एकेक पायरी उतरत खाली गेली.