गेटवरचा फ्लेक्स

शलाका डोंगरेने कॉलेजची प्रवेश परीक्षा दोनदा दिली होती. पहिल्या खेपेला गणितात उत्तम गुण पडले, पण इंग्रजीने घात केला. दुसऱ्या खेपेला नेमकं उलटं झालं. दोन्हींतले चांगले गुण एकत्र धरले, तरच तिला प्रवेश मिळणार होता.

तसे ते धरावेत, ही तिची विनंती ऐकून प्राचार्य धारवाडकर खुर्चीत रेलून हसले. "निवडून घ्यायला ही काय भाजी मंडई आहे? एका दिवशी जशी होतीस, तशीच तू खरी. बाकी सगळी ठिगळं!"

शलाकाच्या मनात आलं, खरंच आपण ठिगळांच्याच आहोत का? तेवढ्यात, येताना वाचलेला गेटवरचा फ्लेक्स तिला खिडकीतून पाठमोरा दिसला.

"सर, तुमच्या फ्लेक्सवर गणिताचा शंभर टक्के निकाल तीन वर्षांपूर्वीचा आहे आणि इंग्रजीचा गेल्या वर्षीचा. खाली बारीक अक्षरांत वर्षं छापलीत. मग यातलं कुठल्या वर्षीचं कॉलेज खरं धरू?"

प्राचार्यांनी खिडकीतून फ्लेक्सकडे पाहिलं. मग त्यांनी शिपायाला हाक मारली.

दारातून सगळं ऐकलेल्या शिपायाने विचारलं, "फ्लेक्स उतरवू का, साहेब?"

"नको," प्राचार्य हळूच म्हणाले. "हिचा अर्ज घे."