धुरातून आलेली ओ

तिला शेवटचं कुणी हसवलं होतं?

एवढंच तो विचारत होता. माणसांपेक्षा झाडं जास्त होती, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पोटाशी, दाट रानात, कोळसा पाडणाऱ्याचं एक घर होतं. त्या घरात दिलेली बहीण तापानं गेली, आणि तिचा धाकटा भाऊ नदी ओलांडून धावत आला तोवर माती देऊन झाली होती. मग त्यानं ज्याला त्याला हे विचारलं. खांदा देणाऱ्यांनी मान खाली घातली. औषधाचा पाला आणणाऱ्या म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. बहिणीचे यजमान, त्याचे दाजी, म्हणाले, "भट्टी लागलीय," आणि चिखलाचं घमेलं उचलून निघून गेले.

भावाला इतका राग आला की त्यानं दारातला माठ लाथेनं फोडला. मग त्या खापरांपाशीच बसून तो हमसाहमशी रडला. रडता रडता त्याला दिसलं, कुडाच्या सावलीत एक लहानगी पोर बसली आहे आणि त्याच्याकडे टक लावून बघते आहे. ती बहिणीची लेक, सोनकी. ती रडत नव्हती. काही बोलतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी परतायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्याचा पाय निघेना.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, कोळशाची भट्टी कशी असते ठाऊक आहे? लाकडं रचायची, त्यावर पाला घालायचा, पाल्यावर चिखल लिंपायचा आणि आत विस्तव सोडायचा. लाकूड कोंडून जळलं तरच कोळसा होतो. चिखलाला तडा गेला आणि वारा आत शिरला, की सगळ्याची राख. तडा डोळ्यांना आधी दिसत नाही, कानांना आधी कळतो. अगदी बारीक फुसफुसतो. म्हणून दाजी दिवसभर भट्टीभोवती कान देऊन फिरत. आणि म्हणूनच त्या घरात सगळ्यांत जास्त वापरलेला शब्द होता, "गप." सोनकीची आई तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तर उठता-बसता.

"बा, आई कवा उठनार?"

"गप. भट्टी ऐकू दे."

"बा, हे बघ, लाल किडा!"

"गप गं."

सोनकी शहाणी पोर, ती गप झाली. आधी तिनं विचारणं सोडलं, मग दाखवणं सोडलं. मामा आला तोवर तिनं रडणंही सोडलं होतं.

एकदा मामानं तिचे पाय धुवायला घेतले, तर टाचेत काटा मोडलेला. टाच टम्म सुजली होती, आत पू धरला होता. हात लावताच पोरीनं ओठ दाताखाली घट्ट धरला, पण हूं की चूं केलं नाही.

"सोनके, दुखतंय ना? मग सांगितलं का न्हाईस?"

सोनकीनं भट्टीकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

मामाच्या मनात आलं, हिची आईसुद्धा अशीच गप पडून राहिली असेल का? ताप चढत होता तेव्हा तिनं कुणाला हाकच मारली नसेल का? त्यानं काटा काढला, हळद भरली आणि तसाच तो दाजींवर धावून गेला.

"दाजी, पोरीच्या पायात काटा कुजतोय!"

"बोलली न्हाई ती."

"कशी बोलंल? तोंड शिवलंय तुम्ही तिचं!"

"पावणं," दाजी कान भट्टीकडेच ठेवून म्हणाले, "आधी आमी दोघं होतो. एक भट्टीला, एक पोरीला. आता मी एकटा हाय. भट्टी सोडून खेळत बसलो, तर पोरीला खायला काय घालू? राख?"

अक्षरं ओळखीची व्हायच्या आधीच पंतोजींशी भांडून घरी आलेला हा भाऊ. त्याला उत्तरं कुठून सुचणार? तो रानात गेला आणि एका उंबराखाली बसून पुन्हा रडू लागला.

"अरे ए," वरून आवाज आला, "रडायचं तर खुशाल रड, पण जरा सरकून बस. तुझ्या बुडाखाली आमची उंबरं चेंगरतायत."

फांदीवर एक म्हातारी वानरी पाला ओरबाडत बसली होती. पलीकडच्या झाडावर तिचा नातू शेपटी सोडून झोके घेत होता.

भाऊ सरकला. नाक पुसून म्हणाला, "आजी, तुला पोराशी खेळायला वेळ कसा मिळतो गं?"

"वेळ?" वानरी खिदळली. "सबंध दिवस पाला खावा तेव्हा कुठं आमची पोटं भरतात. वेळ कुणाच्या बापाकडे आहे? मी इथं खाते, तो तिथं झोके घेतो. मधेच मी करते हुप्प. तो तिकडून करतो हुप्प. माझे हात पाल्यातच असतात."

"बास? एवढंच?"

"एवढंच. त्याला कंटाळा यायच्या आधी एकदा, मला त्याची आठवण आली की एकदा. आणि घसरून पडला की मी आधी हसते, मग उचलते."

भाऊ धावतच परत आला. त्यानं सोनकीला उचललं आणि दाजींना काही न विचारता तिला त्यांच्या पावलांवर उभं केलं.

"हिची टाच दुखतीय. असंच पायावर घेऊन फिरवा. तुमचं फिरणं थोडंच थांबतंय?"

"येड लागलं का तुम्हांला?"

"आणि ही खाली उतरली की दर फेऱ्याला एकदा हुप्प करायचं. वानरागत!"

"चार दिस आलात, आता मला भट्टी शिकवता व्हय?"

"भट्टी न्हाई शिकवत. बाप व्हायला शिकवतोय! जमत नसंल तर आत्ताच्या आत्ता पोरीला माझ्या आईकडं नेतो. मग बसा कोळसे मोजत!"

दाजींचा चेहरा पडला. खाली बघितलं तर सोनकीनं दोन्ही हातांनी त्यांचं धोतर घट्ट धरलं होतं. दाजी चालू लागले. बेडकासारखे, पाय फाकून. मामाला हसू आलं, आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

त्या दिवसापासून दाजी फेऱ्याला एकदा हुप्प करू लागले. आधी चोरून, खाकरल्यासारखं. मग जरा मोठ्यानं. कधी तडा बुजवताना ते पोरीला म्हणत, "लाव गं तुझा पंजा," आणि ओल्या चिखलात तिचा इवलासा हात उमटे. सोनकीचे डोळे हसू लागले. टाच बरी झाली. पण तोंडातून आवाज काही निघेना. दाजींचं हुप्प रानात जाई आणि एकटंच परत येई.

दिवस जात होते. मामाचा जीव टांगणीला लागला होता. पोरीचा आवाज कायमचाच गेला असेल तर? आपण फार उशिरा आलो असू तर? एका सकाळी दाजींनीच त्याला गाठलं. "पावणं, ती ओ का देत न्हाई हो?" मामा म्हणाला, "तुम्ही हुप्प करायचं थांबू नका."

आणि मग तो वाऱ्याचा दिवस उगवला.

दुपारी भट्टीची एक कूस ढासळली. धप्पकन आवाज झाला, ज्वाळा बाहेर आल्या आणि काळ्या-पिवळ्या धुरानं सगळं आवार भरून गेलं. मामा घागरी घेऊन धावला, दाजी चिखल घेऊन धावले. एवढ्यात मामा ओरडला, "सोनकी कुठाय?"

आत्ता इथं होती. आता नव्हती.

"सोनके! ए सोनके!" मामा बोंबलत धुरात शिरला. उत्तर नाही. ठिणग्या उडत होत्या. घराचा कूड दिसत नव्हता, स्वतःचा हात दिसत नव्हता. ती जवळच असेल आणि गप बसली असेल, या विचारानं तो हातांनी चाचपडत पुढे सरकू लागला.

दाजींच्या हातात चिखलाचं घमेलं होतं. समोर भगदाड होतं. त्या घडीला ते बुजवलं असतं तर भट्टी वाचली असती. दाजींनी घमेलं टाकून दिलं. तोंडापाशी हात धरले आणि धुरात तोंड करून ओरडले, "हुप्प!"

काही नाही.

"हुप्प! हुप्प गं, माझे बाई!"

दूर कुठंतरी कुणी खोकलं. मग लाकडांच्या राशीमागून, चिमणीच्या पिलासारखा आवाज आला. "हुप्प."

दाजी आवाजाच्या दिशेनं झेपावले. बाहेर आले तेव्हा पोर त्यांच्या गळ्याला चिकटलेली होती, काळीकुट्ट, फक्त डोळे तेवढे पांढरे. ती थरथरत म्हणाली, "बा, मी बोलले. रागवू नगंस."

"बोल, बये," दाजी मटकन खाली बसले. "बोल. तू बोलत ऱ्हा." आणि बायको गेल्यापासून न रडलेला तो माणूस पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

अर्धी भट्टी राख झाली. त्या वर्षी त्या घरानं कंदमुळं उकडून खाल्ली. पण पुढच्या भट्टीला तडा गेला की, "बा, इकडं फुसफुसतंय!" असं ओरडायला तिथं आणखी एक तोंड आणि ऐकायला आणखी दोन कान होते. दिवसभर रानात दोन हुप्प उठत, एक जाड, एक बारीक. कधी उंबरावरून तिसरंही येई.

मामा आपल्या गावी निघाला. गाठोडं खांद्यावर टाकलं, चार पावलं गेला, आणि काय मनात आलं कोण जाणे, परत फिरला. गाठोडं खाली ठेवून त्यानं काटक्या गोळा केल्या. मोठ्या भट्टीपासून जरा दूर, सावलीत, सोनकीला खेळायला गुडघ्याएवढी एक भट्टी रचली. तिला पाला घातला, चिखल लिंपला, करंगळीनं धुराचं भोक पाडलं. आत विस्तव मात्र ठेवला नाही. मग हात न धुताच तो नदीकडे चालू लागला.

रोज खेळता खेळता जो लेकराला साद घालतो, त्यालाच ते संकटाच्या धुरातून ओ देतं.