उंबऱ्याबाहेरची दलाली

घाटाच्या पायथ्याला एक पेठ होती. पेठेत कुणाचं कापडाचं दुकान होतं, कुणाचा तेलाचा घाणा, कुणाची भांड्यांची वखार. रखमाजीकडे यातलं काहीच नव्हतं. एक काठी, एक झोळी, पायात जाड वहाणा आणि डोक्यात अख्ख्या मुलखातली माणसं, एवढंच त्याचं भांडवल.

त्याचा धंदा माणसं कामाला लावून देण्याचा. कुणाला गडी हवा, कुणाला माळी हवा, कुणाला हिशेबनीस हवा, की लोक रखमाजीला गाठत. मग हा घाट चढून पलीकडच्या गावांत जाई, दहा ठिकाणी विचारी, दहा माणसं पारखी आणि त्यातला एक घेऊन येई. माणूस कामाला लागला की मालकाने एका महिन्याच्या पगाराएवढी दलाली द्यायची. कामाला लागणाऱ्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो हे शिकला, त्याने मरताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. "रखमाजी, दलाली उंबऱ्याबाहेर ठरवायची. ठरल्याशिवाय आत पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि घरात दोन गाडगी ठेवायची. एक चालू दिवसांचं, दुसरं रिकाम्या महिन्यांचं. पावसाळ्यात घाट बंद होतो, तेव्हा तुला कुत्रंही विचारणार नाही."

रखमाजीने पुष्कळ वर्षं हे पाळलं. पैशाला काही कमी नव्हतं. पण या धंद्यात एक गोष्ट होती, ती म्हाताऱ्याने सांगितली नव्हती. माणसं जोडून दिली की जोडणाऱ्याचं काम संपतं. मालक आणि गडी एकमेकांत रमतात, सणाला एकत्र जेवतात, आणि ज्याने त्यांची गाठ घालून दिली तो कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. रखमाजीला बायको नव्हती, पोर नव्हतं. संध्याकाळी खोलीवर आला की तो दोन भाकऱ्या थापायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. बोलायला त्या दोन गाडग्यांशिवाय कुणी नाही. कधीकधी तो त्यांच्याशीच बोलायचा, हो, खरंच!

पेठेतल्या हलवायाने हे बरोब्बर हेरलं.

एकदा त्याला दुकानावर गडी हवा होता. रखमाजी माणूस घेऊन आला आणि नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"अहो रखमाजी, बाहेर काय उभे?" हलवाई धावतच आला. "घरच्या माणसाला कुणी दारात उभं करतं का? अगं ए, पाट मांड! रखमाजी आलेत!"

घरच्या माणसाला. हे शब्द कानावर पडले आणि रखमाजीचा पाय आपोआप उंबऱ्याच्या आत पडला. पाट मांडला, पान वाढलं, पानावर साजूक तूप पडलं. हलवायाच्या बायकोने दोनदा आग्रह केला. किती वर्षांनी कुणी त्याला "अजून एक घ्या ना" म्हणत होतं! त्याने पान पुढे सरकवलं.

हात धुतल्यावर त्याने हळूच दलालीचं काढलं.

"दलाली?" हलवायाने कपाळावर हात मारला. "अहो, घरच्यांत कसली देवघेव? बरं, तुमचा मान म्हणून हे घ्या." आणि पावपट रक्कम हातावर ठेवली.

रखमाजीने ती घेतली. आता तुम्ही म्हणाल, काय भोळा माणूस! भोळा कसला? बाजारात कोण किती पाण्यात आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. आपण फसतोय हेही त्याला कळत होतं. पण त्या पाटावर पुन्हा बसायला मिळावं म्हणून तो फसवून घेत होता.

पेठेत अशी गोष्ट पसरायला कितीसा वेळ? सराफ म्हणाला, रखमाजी घरचेच. तेली म्हणाला, तुम्ही काय परके? प्रत्येक घरी एक ताट, एक "घरचे" आणि हातावर चार आणे. चालू दिवसांच्या गाडग्यात जेमतेम पडायचं. रिकाम्या महिन्यांच्या गाडग्यात तर काहीच पडेना. उलट त्यातलंच काढून तो दिवस ढकलू लागला.

एकच घर निराळं होतं. पेठेच्या टोकाला एक रंगारीण राहायची. नवरा वारलेला, निळीचे रांजण ती एकटीच सांभाळायची. कोपरापर्यंत हात निळे आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. रखमाजी तिच्याकडे गडी घेऊन गेला, तेव्हा तीच उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"दलाली किती?"

"एका महिन्याचा पगार. सहा रुपये."

"जास्त आहेत. चार देईन."

"चारात नाही जमायचं, बाई. पण तीन महिन्यांत माणूस पळाला, तर दुसरा फुकट आणून देईन."

तिने क्षणभर विचार केला. "मग तीन आज, तीन तीन महिन्यांनी. तो टिकला तर."

"ठरलं."

तिने तीन रुपये मोजून दिले, गड्याला आत घेतलं आणि दार लावलं. पाणी नाही, "बसा" नाही. काय कोरडी बाई आहे, असं म्हणत रखमाजी घरी आला.

त्याच आठवड्यात हलवायाने त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी मोठं काम होतं. हलवायाच्या मुलीचं लग्न पुढच्या हंगामात व्हायचं होतं आणि त्याला नावाजलेला आचारी हवा होता. घाटापलीकडे परसू नावाचा आचारी होता, त्याच्या जिलबीसाठी लोक चार कोस चालत यायचे. परसूला तिथे सात रुपये मिळायचे. रखमाजीने त्याला सांगितलं, "आठ मिळतील. माझा शब्द." परसूच्या घरी आजारी आई होती, एक रुपया वाढला तर तिच्या औषधाची सोय होणार होती. तेवढ्या शब्दावर परसूने जुनं काम सोडलं आणि झारा खांद्याला लावून तो रखमाजीबरोबर घाट उतरला.

परसू दाराबाहेर पायरीवर बसला. रखमाजी आत पाटावर बसला.

जेवण झालं, विडा झाला. मग हलवाई गोड आवाजात म्हणाला, "तुमची दलाली तर नाहीच, घरचे तुम्ही. पण या आचाऱ्याला आठ जरा डोईजड होतात हो. पाच देतो. तुम्हीच समजवा त्याला. तुमचा शब्द तो मोडायचा नाही."

रखमाजीच्या तोंडातला विडा कडू झाला. नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण नाही म्हटलं की पाट गेला, ताट गेलं, "अजून एक घ्या ना" गेलं. पुन्हा ती भिंत आणि ती गाडगी. त्याने मान खाली घातली आणि तो बाहेर आला.

"परसू, शेठ पाच म्हणतात."

"तुम्ही आठ बोलला होता."

"थोडे दिवस काढ. बघू पुढे."

परसूने मागे वळून पाहिलं. मागे घाटावर पाऊस उतरला होता, वाट बंद झाली होती, परत जायला जागा नव्हती. त्याने झारा उचलला आणि तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला.

पुढे रिकामे महिने सुरू झाले. पेठेत कुणाला माणूस नको होता, म्हणून रखमाजीही नको होता. पाट नाही, आग्रह नाही, साधं "राम राम" नाही. पहिलं गाडगं संपलं. दुसऱ्यात हात घातला तर बोटं थेट बुडाला लागली. त्याने दोनाची एक भाकरी केली, मग एकीची अर्धी.

तेवढ्यात पेठेत बातमी आली, हलवायाच्या मुलीचा साखरपुडा आहे. रखमाजीला आमंत्रण नव्हतं. पण घरच्या माणसाला कुठे आमंत्रण देतात? त्याने धोतर स्वच्छ धुतलं, वाळवलं, टोपी झटकली आणि तो निघाला.

दारात हलवायाची बायको भेटली. नव्या लुगड्यात, घाईत.

"अगं बाई, रखमाजी! आज नको हं. आज फक्त घरचीच माणसं आहेत. उद्या या, काही उरलं तर देते बाजूला काढून."

ती वाईट मनाने बोलली नव्हती. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही आपण काय बोललो ते. ती आत गेली, आणि आतून हसण्याचा आवाज येत राहिला.

रखमाजी बोळातून मागे वळला. मागच्या दाराशी परसू चुलीसमोर घामाघूम होऊन जिलब्या तळत होता. त्याने मान वर करून विचारलं, "का हो रखमाजी? तुम्हालाही थोडे दिवस काढायला सांगितलं का?"

रखमाजीने भरभर पाय उचलले. तो घरी आला आणि पांघरूण घेऊन पडला. इतकं एकटं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं. पूर्वी निदान कुणाचा विश्वास मोडल्याचं ओझं तरी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर रंगारीण उभी होती.

"काल तीन महिने भरले. गडी टिकला. तुम्ही घ्यायला आला नाहीत." तिने निळ्या बोटांनी तीन रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले. मग त्याच्या चुलीकडे पाहिलं. "जेवलात?"

"हो."

"चूल तर गार पडलीय. चला माझ्याकडे. आता आपलं देणंघेणं फिटलंय, आता जेवायला बोलावलं तर त्यात खोट नाही."

तिच्याकडे बाजरीची भाकरी आणि पिठलं होतं. पाट नव्हता, तूपही नव्हतं. दोघं रांजणांच्या ओळीशेजारी जमिनीवर बसली. तिने त्याच्यापुढे भाकरी सरकवली. मग तीच म्हणाली, "त्या दिवशी मी पाणी विचारलं नाही, राग आला असेल. आधी पाणी दिलं की माणूस भिडेपोटी कमी मागतो. माझा नवरा असाच बुडाला. अख्ख्या पेठेने त्याला घरचा म्हणून लुगडी फुकट रंगवून घेतली. तो गेला तेव्हा खांदा द्यायला चार माणसं जमताना मारामार झाली."

रखमाजीचे डोळे भरून आले. त्याने परसूचं सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही तुमचं मोल सोडलंत, ते तुमचं होतं. त्या आचाऱ्याचं कुणाला विचारून सोडलंत?"

हा घाव वर्मी बसला. रखमाजीने कानाला खडा लावला.

आठवड्याभरात घाट उघडला. पोटात दोन घास होते, तेवढ्या बळावर रखमाजी तो चढून गेला, परसूच्या जुन्या मालकाला भेटला, परत आला आणि थेट हलवायाच्या दारात उभा राहिला.

"या, या! घरचे ना तुम्ही, बाहेर काय—"

"इथंच बरं आहे, शेठ. परसूला आठ ठरले होते. तीन महिन्यांचे नऊ रुपये त्याचे राहिलेत, ते द्या. पुढे महिना आठ. आणि माझी दलाली आठ, तो तीन महिने टिकलाय म्हणून पूर्ण. नसेल जमत, तर त्याला मी आत्ता घेऊन जातो. त्याचा जुना मालक आठ द्यायला तयार आहे, कालच विचारून आलोय."

"एवढं परकं केलंत आम्हाला?"

"शेठ, मी परकाच होतो. ते मला साखरपुड्याच्या दिवशी कळलं."

आवाज ऐकून परसू बाहेर आला. काय चाललंय हे कळताच त्याने झारा धुतला, पुसला आणि खांद्याला लावला. लग्न तोंडावर आलेलं. हलवायाने एकदा झाऱ्याकडे पाहिलं, एकदा रखमाजीकडे. मग आत जाऊन सतरा रुपये आणून पायरीवर टाकले.

"घ्या! पण या घरात तुमचं पान पुन्हा मांडलं जाणार नाही."

खोटं कशाला सांगू, रखमाजीला वाईट वाटलं. इतकं सगळं होऊनही वाटलं. त्याने वाकून पैसे वेचले, नऊ परसूच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "परसू, चुकलो मी." परसूने पैसे मोजून कनवटीला लावले. "पुढच्या खेपेला आधी त्यांच्याशी बोला, मग मला शब्द द्या," एवढंच म्हणून तो चुलीकडे गेला.

त्यानंतर रखमाजी कुणाच्या घरात दलाली ठरल्याशिवाय शिरला नाही. काहींनी तोंडावर दार लावलं, काहींनी गर्विष्ठ म्हटलं, काहींनी कुरकुरत का होईना पैसे मोजले. दलाली हातात आली की आधी त्यातला वाटा दुसऱ्या गाडग्यात टाकायचा आणि उरलेल्यात महिना भागवायचा, हे त्याने पुन्हा सुरू केलं. पुढच्या पावसाळ्यात घाट बंद झाला तेव्हा त्याची चूल एक दिवसही विझली नाही.

ताटं मात्र गेली ती गेलीच. संध्याकाळी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवू लागला.

रंगारणीचा धंदा वाढला. वर्षाला दोन गडी ती रखमाजीकडूनच घ्यायची. उंबऱ्यावर उभं राहून दोघं कडकडून घासाघीस करायची. अर्धे पैसे पहिल्या दिवशी, अर्धे तीन महिन्यांनी, आणि दर वेळी त्या दिवसाचे पैसे चुकते झाले की ती विचारायची, "जेवलात?" म्हणजे वर्षात चार जेवणं. एरवी एकट्याचीच भाकरी. पण त्या चार जेवणांवरून उठताना त्याच्याकडे कधी कुणी काही मागितलं नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपल्या कष्टाचं मोल उंबऱ्याबाहेरच सांगावं, आणि ते ऐकून, चुकतं करूनही जो आत बोलावतो, त्याच्याच घरी पाणी प्यावं.