थांबलेलं शेत

अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा पुढारी अमासा थॉर्नली, गावातून हाकललेल्या आपल्या माणसांना घेऊन पश्चिमेला निघाला होता. बायको लिडिया आजारी, म्हणून ती मागच्या तांड्यात राहिली होती. नदीकाठी आल्यावर त्याचं पाऊल पुढे पडेना. तेवढ्यात लष्करी कप्तान घोड्यावरून गरजला, "मागच्यांची वाट बघत इथं एकानंही थांबायचं नाही!"

अमासा तिथंच मका पेरू लागला.

कप्तान खो खो हसला. "अरे वेड्या, कणसं धरतील तेव्हा तू डोंगरापलीकडे असशील!"

"असेनच, साहेब. आम्ही निघतो. मागच्यांसाठी हे शेत थांबेल. त्याला हाकलून बघा."

कप्तानानं घोडा वळवला.

जाता जाता अमासानं बांधाकडेला थोडा वाटाणा लावला. लिडियाला मका कधीच आवडत नसे.