केरबाने फिरवलेले चाक

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक हुशार माणूस राहत होता. हुशार असं लोक म्हणत नसत, केरबा स्वतःच म्हणे. पाण्याचा पंप असो, पिठाची गिरणी असो की शिलाईचं मशीन, कुठे काही बिघडलं की स्वारी पाने-पक्कड घेऊन हजर. "त्यात काय एवढं?" हे त्याचं पालुपद. खरं सांगायचं तर दहांपैकी आठ वेळा तो काम फत्ते करीही. उरलेल्या दोन वेळांचं नाव मात्र काढायचं नाही.

केरबाचा मुलगा फौजेत होता. मुलाची मोटारसायकल त्याची बायको सारिका चालवायची. ही सून आरोग्यसेविका. दर बुधवारी लसींची थंड पेटी गाडीला बांधायची, घाट चढायचा आणि वरच्या धनगरवाड्यावरच्या लेकरांना लस टोचून यायचं, हे तिचं काम. घाटाचा रस्ता अरुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी.

एकदा गाडीच्या इंजिनातून कडकड आवाज येऊ लागला. आता इंजिनाच्या पोटात एक बारीक साखळी असते. पिस्टन खालीवर होतो त्याच्या तालावर ती वरचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडते आणि मिटते. हा ताल चुकला तर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. ही साखळी सैल पडू नये म्हणून स्प्रिंगचा एक खुंटा तिला सतत दाबून धरतो. त्याला टेन्शनर म्हणतात. तो झिजला होता.

"मामंजी, तालुक्याच्या गॅरेजात देऊया का?" सारिकाने विचारलं.

केरबाला ते झोंबलं. "घरात मी असताना? त्यात काय एवढं? तू नवा टेन्शनर तेवढा आणून दे. बुधवारी दहाच्या आत गाडी दारात उभी करतो की नाही बघ."

बुधवारी सकाळी सातला त्याने अंगणात पोतं अंथरलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. म्हणजे हत्यारं पूजेला बसणार, त्यांना हात लावायचा नाही. काम आजच उरकायला हवं होतं. तेवढ्यात सारिका चहा घेऊन आली.

"मामंजी, मी एक वाचलंय. जुना टेन्शनर काढल्यावर चाक अजिबात फिरवायचं नाही म्हणे. सैल साखळी दाते सोडून पुढे सरकते."

"मला शिकवतेस होय?" केरबा म्हणाला. "तू आपल्या सुया सांभाळ."

सून आत गेली.

केरबाने काम मात्र नीट सुरू केलं. प्लग काढला, गाडी वरच्या गिअरला टाकली आणि मागचं चाक हळूहळू फिरवून इंजिनाची खालची खूण खुणेला लावली. मग जुना टेन्शनर काढला. बसायची जागा खरवडून साफ केली. नव्या पॅकिंगला सोल्यूशन लावलं आणि ते जरा सुकायला ठेवलं.

इथे घात झाला. रिकामं बसणं केरबाच्या रक्तातच नव्हतं. उद्या गाडीला हळदकुंकू लागणार आणि मागच्या चाकाला हा एवढा चिखल! त्याने ओलं फडकं घेतलं आणि चाक पुसायला बसला. एक आरा पुसला, चाक ढकललं. दुसरा पुसला, पुन्हा ढकललं. गाडी अजून गिअरमध्येच होती, म्हणजे चाकाबरोबर इंजिनही फिरत होतं, आणि टेन्शनर पोत्यावर पडला होता.

इंजिनाच्या आतून आवाज आला. टक्.

केरबाचा हात जागच्या जागी थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं.

'काही झालं नसेल,' तो मनाशी म्हणाला. त्याने चाक मागे फिरवून खालची खूण पुन्हा जुळवली. ती जुळली. पण साखळी वर जिथे दात्यांवर बसते, तिथली खूण झाकणाखाली होती. ते पाहायचं तर पेट्रोलची टाकी उतरवावी लागणार, झाकणाचे गंजलेले बोल्ट काढावे लागणार. दीड-दोन तास सहज मोडणार. आणि सुनेने विचारलं, झाकण का उघडलं, तर सांगायचं काय?

त्याने नवा टेन्शनर बसवला, बोल्ट आवळले, प्लग लावला. चाक हाताने हळू फिरवून बघितलं. एका जागी ते अडलं. प्लग लावल्यावर आत कोंडलेल्या हवेच्या दाबामुळे चाक जड लागतंच म्हणा. पण हे अडणं दाबाचं की लोखंडावर लोखंड आल्याचं? इतकी वर्षं हत्यारं हाताळलेल्या केरबाला ते ठरवता येईना. खरं म्हणजे ठरवायचंच नव्हतं त्याला. त्याने गाडी न्यूट्रलला आणली.

दहा वाजले. सारिका लसींची पेटी घेऊन बाहेर आली. शेजारचा आनंदा सुतार कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे अजून दोघे-तिघे जमले. फुकटची गंमत कोण सोडतो!

"काय केरबा, झाली का गाडी? मार की कीक!" आनंदा ओरडला.

"झाली," केरबा म्हणाला.

सारिका पेटी बांधू लागली. दोरीचा एक वेढा, दुसरा वेढा. पेटी हलते का ते तिने दोनदा पाहिलं. लस सांडायला नको, बाटली फुटायला नको. वर बाया लेकरं कडेवर घेऊन तासभर चालत येतात, त्यांना हात हलवत परत पाठवायला नको.

केरबाने कीकवर पाय ठेवला. गाडी सुरू होईलही, त्याला वाटलं. होईल आणि गावभर आपलं नाव होईल. आणि मग सारिका घाट चढेल. चौथ्या वळणावर कठडा नाही. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला, इंजिन गच्च धरलं आणि मागचं चाक जाम झालं तर? त्याच्या डोळ्यांपुढे ती दरी आली.

"अरे मार की, मुहूर्त बघतोस काय?" आनंदाने पुन्हा चिमटा काढला.

केरबाने पाय खाली घेतला.

"सारिका, पेटी सोड," तो म्हणाला. "या गाडीवर बसू नकोस. टेन्शनर काढलेला असताना माझ्याकडून चाक फिरलं. आत टक् झालं. साखळी सरकली असेल."

कुंपणापाशी कुणीतरी फिसकन हसलं. सारिकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"सकाळी हेच सांगितलं होतं मी!"

"सांगितलं होतंस," केरबा मान खाली घालून म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

सासऱ्याने चारचौघांत असं बोलावं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मग सारिकाने पेटी सोडली आणि सावलीत ठेवली. धनगरवाड्यावर फोन लावून सांगितलं, बायांना म्हणावं दुपारी एकला या, पेटीतला बर्फ तोवर टिकतो. ओढणी कमरेला बांधून ती पोत्यावर बसली.

"चला मामंजी, उघडा झाकण. पाना मी देते."

आनंदाही कुंपण ओलांडून आला आणि टाकी धरू लागला. त्याचं हसू आता ओसरलं होतं.

झाकण निघालं तेव्हा अकरा वाजून गेले होते. केरबाने वाकून पाहिलं. साखळी एक नाही, चांगले दोन दाते सरकली होती. कीक मारली असती तर व्हॉल्व्ह वाकले असते. अंगणातच वाकले असते तर ते नशीब म्हणायचं.

मग त्याने टेन्शनर पुन्हा काढला, साखळी दात्यांवर बरोबर बसवली आणि टेन्शनर लावला. प्रत्येक पायरीला त्याने सारिकाला विचारलं, "बघ गं, खूण लागली?" ती "हो" म्हणाल्याशिवाय हात पुढे नेला नाही. शेवटी इंजिन हाताने दोनदा पुरं फिरवून दोघांनी दोन्ही खुणा तपासल्या. मग कीक मारली. गाडी सुरू झाली. कडकड पार गेली होती.

"थांब, आधी मी चौथ्या वळणापर्यंत जाऊन येतो," केरबा म्हणाला. तो गेला आणि आला, तरी गाडीवरून उतरेना. "सारिका, तुला भीती वाटत नाही ना?"

सारिकाने पेटी बांधली. "सकाळी तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणालात तेव्हा वाटत होती," ती म्हणाली. "आता नाही वाटत. द्या किल्ली."

तात्पर्य: हातून झालेली चूक वेळेवर सांगितली तर फक्त मान खाली जाते, लपवली तर तिची किंमत आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला मोजावी लागते.