जुनी गिटार, आवाज नाही

"तारा सगळ्या आहेत, फळी कुठे फुटलेली नाही, मग आवाज नाही म्हणजे काय, चाचा?"

पुष्करनं मोबाईल दस्तगीरचाचांच्या पुढ्यात धरला. चाचांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि फोटो बघितला. मिरजेत त्यांच्या घरी चार पिढ्या तानपुरे होतात. गिटारी दुरुस्तीला येतात त्या अलीकडे.

पुष्कर सरंजामे सांगलीचा. ऑनलाइन जाहिराती पाहून त्यानं चौदा जुन्या गिटारी जमवल्या होत्या. कुणी माळा आवरताना काढलेली, कुणी परदेशी जाताना विकायला लावलेली. फोटोतल्या खुंट्या बघून तो गिटारीचं साल सांगे, आणि ते बहुधा बरोबर निघे. आपला कान तयार आहे, हेही तोच सांगे. मला शिष्य करून घ्या म्हणून वर्षभर तो चाचांकडे खेपा घालत होता. चाचा चहा पाजून परत पाठवत.

ही जाहिरात वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातली होती. फोटो एकच, तोही हललेला. खाली एक ओळ... जुनी गिटार, आवाज नाही, कोणी नेल्यास बरे.

"ज्यानं लिहिलंय त्याला विचार," चाचा म्हणाले.

"म्हणजे तिथे जावं लागेल."

चाचांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. ते येतील असं पुष्करला वाटलं नव्हतं.

आंबोलीचा घाट उतरून ते दुपारी पोचले. माडांमध्ये एक बसकं कौलारू घर. दार पिएदाद नावाच्या बाईंनी उघडलं. सत्तरीच्या असाव्यात. जाहिरात त्यांच्या मुंबईच्या भाचीनं टाकली होती. गिटार वडिलांची. ते बोटीवर स्वयंपाकी होते, त्यांनी ती लिस्बनहून आणली होती. ती वाजवायचा त्यांचा धाकटा भाऊ, बोस्त्यांव.

बोस्त्यांव ओसरीच्या टोकाला पाठ करून बसला होता. नवव्या वर्षी ताप आला आणि त्याचे दोन्ही कान गेले, असं पिएदादबायनी सांगितलं. त्यानंतर पंचावन्न वर्षं तो रोज संध्याकाळी गिटार वाजवत आला. नवव्या वर्षापर्यंत जे ऐकलं होतं, तेवढंच वाजवायचा.

बहिरा माणूस गिटार कशी वाजवतो, हे पुष्करनं विचारलं नाही. त्याचं लक्ष भिंतीवरच्या गिटारीकडे होतं. फोटोत होती त्याहून ती सुंदर होती. मधासारखा रंग, गोल झरोक्याभोवती शिंपल्याची बारीक नक्षी. त्यानं ती खाली घेतली, सूर लावला आणि वाजवली.

घर भरून गेलं.

असा आवाज त्याच्या चौदा गिटारींपैकी एकीलाही नव्हता. त्यानं पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं, प्रत्येक तार, प्रत्येक पट्टी. कुठे खरखर नाही, कुठे दबलेपण नाही. गिटार उत्तम आहे, तुमची काहीतरी चुकीची समजूत झालीय, आवाज अगदी जिवंत आहे, असं त्यानं बाईंना सांगितलं. ही मी नेतो म्हणाला, आणि बरोबर आणलेल्या पेटीत तिला निजवलंसुद्धा.

पिएदादबाय भावाकडे बघत होत्या.

"तो म्हणता, ही मेली. आता घरात ठेवची नाय," त्या म्हणाल्या.

पेटीचं झाकण लागलं तेव्हा बोस्त्यांवला तो आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो त्याच क्षणी उठला आणि माडांत निघून गेला. मयताला खांदा देऊन परतणारी माणसं चालतात, तसा.

 चाचा उठले, त्याच्या मागून गेले आणि त्याला हाताला धरून परत घेऊन आले. पेटी उघडली. गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. मग पंचाहत्तर वर्षांचे दस्तगीरचाचा ओसरीच्या खालच्या पायरीवर, त्याच्या पायांशी बसले. आधी स्वतःच्या कानाला हात लावून मान हलवली. मग दोन्ही हात जोडले.

मला शिकव.



बोस्त्यांवनं गिटार उभी धरली आणि तिच्या काठावर हनुवटी टेकली. दात मिटले. एक तार छेडली. डोळे मिटून मान हलवली. नाही. त्यानं चाचांची दाढी दोन्ही हातांत घेतली, त्यांची हनुवटी त्याच जागी टेकवली आणि तीच तार छेडली. मग थोडं पुढे सरकवून पुन्हा. मग आणखी पुढे.

एखाद्या लहान मुलाला मुळाक्षरं गिरवायला लावावं, तसं तो त्या म्हाताऱ्या कारागिराचं डोकं लाकडावरून फिरवत होता. अर्धा तास गेला असेल. पुष्कर खांबाला टेकून उभा होता. त्याला ऐकू येत होती ती सुरेल तार, पुन्हा पुन्हा, जराही न बिघडलेली.

एका जागी, जिथे तारेची थरथर हाडापर्यंत पोचत नव्हती, चाचा थांबले. त्यांनी हात वर केला. बोस्त्यांवनं तीच तार परत छेडली. चाचांनी मान हलवली. नाही. आणि बोस्त्यांवच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका की हसू, ते सांगता आलं नसतं.

चाचांनी तारा उतरवल्या, झरोक्यातून हात आत घातला आणि बोटांनी चाचपलं. फळीला आतून आधाराच्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीचं टोक सुटलं होतं. पोस्टकार्ड जेमतेम शिरेल इतकंच. त्यांनी चुलीवर सरस पातळ केला, पट्टीखाली भरला, बांबूची काडी आतून टेकू म्हणून लावली. सरस वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. पिएदादबायनी दोघांना ठेवून घेतलं आणि बांगड्यांचं तिखलं रांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी तारा चढवल्या आणि गिटार आधी पुष्करच्या हातात दिली.

"बघ, लागली का."

पुष्करनं वाजवली. कान देऊन, श्वास रोखून वाजवली. मग हात थांबवला. कालचाच आवाज होता. अगदी तोच. लागली म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"...मला कळत नाही," तो म्हणाला.

चाचांनी त्याच्या हातून गिटार घेतली आणि बोस्त्यांवला दिली.

बोस्त्यांवनं हनुवटी टेकली. एक तार छेडली आणि तो तसाच राहिला. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि लाकडावरून वाहू लागलं, त्यानं ते पुसलं नाही. तो वाजवू लागला. ती एक लग्नातली चाल होती, पिएदादबायच्या मावशीच्या लग्नातली. ताप आला त्याच्या आठ दिवस आधीची. वाजवता वाजवता चेहऱ्यावरची वर्षं उतरत गेली, आणि ओसरीवर एक नऊ वर्षांचा मुलगा बसला होता.

पिएदादबायनी छातीवर क्रूस काढला. पुष्कर केव्हा खाली बसला होता, ते त्यालाही कळलं नाही.  गिटार आता विकायची नाही, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

निघताना त्यानं बोस्त्यांवला वाकून नमस्कार केला. कुणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर रिकामी पेटी होती.  घाटातल्या एका वळणावर पुष्करनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली दरीत धुकं होतं.

"चाचा... कालचा आवाज आणि आजचा, मला एकच वाटला. अजूनही एकच वाटतो. फरक कुठे होता?"

चाचांनी काच खाली केली. 

"आवाजात असता, तर मलाही कळला नसता."