चालू आणि सरळ

फार जुनी गोष्ट, म्हणजे संगणकांच्या मानाने. एका इस्पितळात थोरला आणि धाकटा असे दोन सर्व्हर होते. थोरला अडला की धाकट्याने काम उचलायचं. दोघांवर नजर ठेवायला पहारेकरी नावाचा नवा प्रोग्राम बसवला. तो सारखा विचारी, "चालू आहेस का?"

"चालू!" थोरला म्हणे.

धाकटा मात्र भडके. "चालू असेल तो! मी सरळ आहे." पहारेकऱ्याने त्याला बिघडलेला ठरवलं.

एके सकाळी थोरला अडला. केसपेपरची रांग दारापर्यंत गेली, तरी तो "चालू, चालू" म्हणतच होता. शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, "आत्ता कोणाचा केसपेपर काढलास?"

"चालू!" थोरला पुन्हा म्हणाला.

"आण इकडे, मी काढतो," धाकटा म्हणाला. रांग भराभर पुढे सरकली.

पहारेकरी ओशाळून धाकट्याला म्हणाला, "तुझंच खरं. तोच चालू निघाला."